मदत हवी आहे : बाबांच्या खात्यातून पैसे गेले, बँक म्हणते ओटीपी तुम्हीच दिला

रानजाई (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)
कृपया लवकर सांगा. बाबांच्या खात्यातून १,८६,००० रुपये गेले. बँकेत गेलो तर म्हणाले ओटीपी बरोबर पडलाय, म्हणजे तुम्हीच कुणाला तरी दिला असणार, आमच्या हातात काही नाही. बाबांनी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही. ते शाळेत मास्तर होते, खोटं बोलणार नाहीत. मला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करायचीये. थेट करता येते का, वकील लागतो का, पैसे किती दिवसांत मिळतात, एवढंच सांगा. अनोळखी लिंक उघडू नये वगैरे मला माहीत आहे, ते नको.

ओसरी (६:४६)
कधी गेले? १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन केलात का?

जुना खातेदार (६:५१)
माझ्या फोनमध्ये बँकेचं एकही अ‍ॅप नाही. लाइट बिल चेकने, किराणा रोखीने. रांगेत उभा राहतो पण रात्री शांत झोपतो. वडिलांचं नेटबँकिंग आधी बंद करून टाका. सत्तरीच्या माणसाला ते लागतंच कशाला?

काउंटर नंबर चार (६:५८)
मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे थोडं विचारतो, रागावू नका. पैसे कोणत्या दिवशी, किती वाजता, किती व्यवहारांत गेले? यूपीआयने की आयएमपीएसने, म्हणजे खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवतात त्या सोयीने? यूपीआयची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा १ लाख आहे, त्यामुळे एका रात्रीत १,८६,००० गेले असतील तर दुसरी वाट वापरली गेली असणार. बँक राष्ट्रीयीकृत, खासगी, सहकारी की पतसंस्था? पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाताच येत नाही. आणि बँकेत तोंडी सांगितलंत की लेखी? पोच आहे का?

रानजाई (७:१५)
मोठी बँक आहे, पतसंस्था नाही. शनिवारी रात्री गेले. बाबा सोमवारी पासबुक भरायला गेले तेव्हा कळलं. दादा त्यांना घेऊन साहेबांना भेटला, सगळं सांगितलं. लेखी कशाला, समोरासमोर सांगितलं ना. १९३० ला नाही केला, बँकेलाच कळवलं होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देईल का?

ओसरी (७:१८)
उत्तर देते, पण आधी १९३० लावा. आत्ता. हा धागा नंतर वाचा. तिथे तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला लगेच संदेश जातो आणि तिथे जे उरलं असेल ते रोखून धरतात. माझ्या सासूबाईंचे ६२,००० गेले होते. आम्ही चाळीस मिनिटांत फोन लावला, तरी ३८,०००च अडले, बाकीचे तोवर दोन खात्यांतून पुढे गेले होते. तुमचे तीन दिवस झालेत, पण लावाच.

हिशेबी (७:२५)
तीन दिवस झाले म्हणजे संपलंच. नियमात बँकेला कळवायला तीन दिवसच आहेत, उगीच आशा दाखवू नका.

काउंटर नंबर चार (७:३८)
हिशेबी, तीन दिवस नव्हेत, कामकाजाचे तीन दिवस. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. ज्या दिवशी बँकेचा संदेश आला तो दिवस मोजायचा नाही, आणि दिवस मोजायचे ते खातं ज्या शाखेत आहे तिच्या कामाच्या दिवसांप्रमाणे. परवाचा शनिवार चौथा होता, बँका बंद. मग रविवार. म्हणजे सोमवार पहिला, आज दुसरा, उद्या बुधवार तिसरा. रानजाईताई, उद्या शाखा उघडल्या उघडल्या लेखी तक्रार द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि ग्राहक सेवा क्रमांकावरून तक्रार क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय.

आता लोकपालांचं. थेट जाता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर मग लोकपाल. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, ऑनलाइन होतं. चौकशीसाठी १४४४८.

एक गोष्ट मात्र खटकतेय. निवृत्त शिक्षकाच्या बचत खात्यात १,८६,००० रुपये नुसते पडून होते का?

रानजाई (८:०२)
१९३० लागला, नोंद झाली, क्रमांक मिळाला. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक मागितला तो स्टेटमेंट काढल्याशिवाय नव्हता, म्हणून दादाकडून स्टेटमेंट मागवलं. आत्ता मी पण पहिल्यांदा नीट बघतेय. खात्यात साधारण ४३,००० होते. रात्री ११:३८ ला १,४५,२१० जमा झालेत, पुढे 'मुदत ठेव बंद' असं आहे. मग ११:४६ ला ९९,००० आणि ११:५२ ला ८७,००० आयएमपीएसने गेले. शिल्लक २,५१०. ठेव बाबांनी मोडली नाही. ती आईच्या ऑपरेशनसाठी ठेवली होती.

काउंटर नंबर चार (८:०५)
दुसरी ठेव आहे का? असेल तर ती अजूनही तशीच मोडता येईल. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून नेटबँकिंग, यूपीआय, कार्ड सगळं बंद करायला सांगा. आत्ताच्या आत्ता.

ओसरी (८:०६)
आणि तो नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर वर येतात. कार्डावरचा किंवा पासबुकावरचाच. बँकेची साइट उघडायची असेल तर पत्त्याच्या शेवटी डॉट बँक डॉट इन आहे ना ते बघा.

मळ्यातला (८:११)
फोन अजून चालूच आहे का बाबांचा?

रानजाई (८:२९)
दुसरी ठेव २ लाखांची आहे. बंद केलं सगळं. बोलता बोलता हात थरथरत होते माझे. जुना खातेदार काका, तुम्ही पहिल्यांदाच सांगितलं होतंत, मी वाचून सोडून दिलं.

फोन चालू आहे. आम्ही रोज त्यावरच बोलतोय, त्यांच्या गोळ्यांचा गजर पण त्यातच आहे. का?

मळ्यातला (८:३३)
नेट बंद करा, वायफाय बंद करा. मग सेटिंगमधून अ‍ॅपची पूर्ण यादी काढा. स्क्रीनवर दिसतं तेवढंच बघू नका, ही अ‍ॅप आपलं चिन्ह लपवतात. एसएमएस वाचायची परवानगी कुणाकुणाला दिलीय तेही बघा. पुसू नका. आधी स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, पोलिसांना लागतील.

परदेशी पाखरू (८:४०)
मी न्यू जर्सीत, आई सांगलीला. इथे आपल्या क्रेडिटवर फ्रीझ लावता येतो, फुकट. मग आपल्या नावावर कुणी नवीन कर्ज सहज काढू शकत नाही. तुम्ही बाबांचा सिबिल रिपोर्ट काढून बघा.

हिशेबी (८:४४)
त्याचा इथे काय संबंध? कर्ज काढलेलं नाही, ठेव मोडलीय.

चंदनवेल (८:५०)
मुदत ठेव मोडल्यावर व्याज कमी दराने धरतात, त्याचा हिशेब मागून घ्या. ज्येष्ठांना व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा आता १ लाख आहे, त्यामुळे कर कापला जायला नको होता.

रानजाई (९:२०)
सापडलं. दादाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. यादीत 'ई चलान' नावाचं आहे, एसएमएसची परवानगी दिलेली. खोदून विचारल्यावर बाबांनी सगळं सांगितलं. शनिवारी सकाळी त्यांनी मार्केट यार्डापाशी मोपेड नो पार्किंगमध्ये लावली होती, दहा मिनिटं, कोथिंबीर घ्यायला. दुपारी भिशीच्या ग्रुपवर एकाच्या नंबरवरून फाइल आली, वर लिहिलेलं की तुमच्या गाडीवर ५०० रुपये दंड आहे, आज भरा. त्यांना वाटलं खरंच पकडलं. ज्या माणसाने आयुष्यात वाण्याची उधारी दुसऱ्या दिवसावर जाऊ दिली नाही, तो दंड कसा ठेवील? फाइल उघडली, येईल त्याला होय म्हटलं, कार्डाचा नंबर आणि पिन टाकला. पैसे भरले गेले नाहीत असं दिसलं, म्हणून उद्या चौकीत जाऊन भरू म्हणाले आणि झोपले.

म्हणजे ओटीपी त्यांनी खरंच कुणाला सांगितला नाही. ते खोटं बोलत नव्हते. दोन दिवस जेवले नाहीत आणि पासबुक गादीखाली ठेवून बसलेत.

मळ्यातला (९:३१)
हो, खरंच बोलत होते. फाइल एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, असणार. ती बसली की येणारे एसएमएस ती परस्पर पुढे पाठवते. ओटीपी बाबांच्या फोनवर आला आणि त्याच सेकंदाला चोराकडे गेला. कार्ड आणि पिन हातात असल्यावर नेटबँकिंगचा पासवर्ड बदलून घेतला, झालं. खरं चलन बघायचं तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येत नाही.

हिशेबी (९:४२)
वाईट वाटतं, पण पिन स्वतः टाकलाय. परिपत्रकातच आहे, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलं तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. बँकेने का भरावं?

काउंटर नंबर चार (९:५८)
त्याच परिपत्रकात हेही आहे की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. 'ओटीपी पडला' म्हणजे सिद्ध झालं नाही. ताई, अर्जात काही लपवू नका, पिन टाकल्याचंही लिहा, ते नाहीतरी बाहेर येणार. पण प्रश्नही लेखी विचारा. पासवर्ड कोणत्या उपकरणावरून बदलला? पैसे घेणारी नवी खाती कधी जोडली? ७२ वर्षांच्या, आजवर ठेव कधी ऑनलाइन न मोडलेल्या ग्राहकाची ठेव मध्यरात्रीच्या सुमारास मोडून आठ ते चौदा मिनिटांत पैसे बाहेर जातात, तेव्हा बँकेच्या यंत्रणेने काय केलं? उत्तरं मागा. नियमाने ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायला हवा. आणि कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तर तो पूर्ण बँकेचा.

(वय मी अंदाजाने लिहिलं, मागे कुणीतरी सत्तरी म्हटलं होतं.)

हिशेबी (१०:०३)
ठीक आहे, प्रश्न विचारायला हरकत नाही. पूर्ण मिळतील असं मात्र त्यांना सांगू नका.

काउंटर नंबर चार (१०:०५)
ते मी कुठे म्हटलं? नाही सांगत.

लकीस्टार (१०:१७)
माझ्या मेव्हण्याचे पैसे एका एथिकल हॅकरने आणून दिले. टेलिग्रामवर आहे, फक्त १० टक्के आगाऊ घेतो. मला खासगी निरोप पाठवा.

ओसरी (१०:१९)
अजिबात करू नका. पैसे गेलेल्या माणसांना गाठून पुन्हा लुटणारी ही दुसरी टोळी असते. अ‍ॅडमिन, हा प्रतिसाद उडवा. सासूबाईंचे ३८,००० कुठल्या हॅकरने नाही आणले. पोलिसांचं पत्र घेऊन कोर्टात अर्ज केला, सात महिने लागले, पण आले.

मळ्यातला (१०:२४)
रानजाई, एक राहिलं. बाबांना फाइल भिशीतल्या ओळखीच्या नंबरवरून आली, म्हणजे त्याचाही फोन गेलेला असणार. मग बाबांच्या नंबरवरून पुढे कुणाला गेली का? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जोडलेली उपकरणं बघा, अनोळखी दिसलं तर काढा.

रानजाई (१०:४१)
गेलीय. ३७ जणांना. माझ्या मावशीला पण.

रानजाई (बुधवार, दुपारी ३:५०)
सगळ्यांना एकत्र सांगते. अर्ज दिला, शिक्का मिळाला. आधी नाही म्हणत होते, दादाने परिपत्रकाची तारीख सांगितली आणि तिथेच ईमेल लिहायला घेतला तेव्हा दिला. सायबर पोलीस ठाण्यात जबाब झाला, फोन त्यांनी पाहिला, सगळं उतरवून घेऊन परत दिला, पूर्ण रीसेट करून वापरा म्हणाले. १९३० कडून कळलं की एका खात्यात २१,४०० रुपये अडवलेत. बाकीचे पुढे गेले. लोकपालांकडे ३० दिवसांनी जाईन, तारीख कॅलेंडरवर लिहिलीय.

बाबा ७१ चे आहेत, काउंटर काका. काल रात्री दादाचा फोन घेऊन बसले आणि वहीत ३७ नावं लिहून एकेकाला लावला. 'माझ्या नावाने फाइल आली असेल तर उघडू नका, माझी फसवणूक झालीय,' असं प्रत्येकाला स्वतः सांगितलं. मी करते म्हटलं तर नाही म्हणाले. दोघांनी उघडली होती, त्यांना लगेच बँकेला फोन करायला लावला. रात्री पावणेबाराला आमटीभात खाल्ला.

आता एकच. त्यांना तो फोन सध्या नकोय. सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं तर चालेल ना? गॅसचा नंबर लावलाय, सिलिंडर देताना कोड त्याच नंबरवर येतो.

मळ्यातला (४:०५)
चालेल, अ‍ॅप जुन्या फोनमध्ये आहे, सिममध्ये नाही. टाकल्यावर स्टार हॅश २१ हॅश डायल करून बघा, कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर दिसेल. असले तर हॅश हॅश ००२ हॅश, सगळे बंद होतात.

जुना खातेदार (४:१२)
गोळ्यांचा गजर साध्या फोनमध्येही लागतो. माझा सकाळी आठचा आहे.