प्रार्थनेला बसलं की हात मोबाइलकडेच जातो

प्रश्न (ऐरोली):
पवित्र शास्त्र (बायबल) वाचायला पहाटे साडेपाचला उठते. शास्त्र मोबाइलमध्येच, त्यामुळे वचन शोधता शोधता व्हॉट्सॲप उघडतं, मग रील्स. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की कळतं, पाऊण तास गेला. काल लेकीने विचारलं, "आई, प्रार्थना झाली?" मी हो म्हणाले. खोटं बोलले, दिवसभर ते सलत राहिलं. काय करू?

उत्तर (कोपरखैरणे):
ताई, छापील शास्त्र काढा. मी सासूबाईंचं वापरते, कडा पिवळ्या पडलेलं, समासात त्यांच्या पेन्सिलच्या खुणा. फोन रात्रीच स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. त्यातलं स्तोत्र 119 घ्या: 176 वचनं, आठ-आठ वचनांचे 22 भाग. रोज एक भाग, मोठ्याने वाचायचा. मोठ्यानेच, नाहीतर मन भटकतं.

उत्तर (ठाणे):
शास्त्रातलं मार्कचं शुभवर्तमान, 1:35 (अध्याय 1, वचन 35) पाहा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात जमलं होतं, तरी प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात गेला. माणसं शोधत होतीच की त्याला.

ऐरोली:
गजराचं घड्याळ आणलं. लेकीला खरं सांगितलं. म्हणाली, "उद्या मलाही उठव."