विषय : बी.ए. जर्मन असताना बी-२ चे प्रमाणपत्र वेगळे का लागते?

सर्वांस सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातल्या पार्ल्याच्या स्नेहमेळाव्यात जिने सूत्रसंचालन केले, त्या माझ्या भाचीला ऐरोलीतील एका कंपनीत जर्मन ग्राहकांची बिले आणि तक्रारी हाताळण्याचे काम मिळाले आहे. मुलाखती पार पडल्या. आता एचआर विभाग जर्मन भाषेच्या बी-२ पातळीचे प्रमाणपत्र मागत आहे. तिच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिकांत साहित्य, भाषाविज्ञान, अनुवाद असे सर्व काही आहे, परंतु भाषेची पातळी कुठेच लिहिलेली नाही, आणि महाविद्यालयाचे म्हणणे असे की तसे पत्र देण्याची त्यांच्याकडे पद्धत नाही. रुजू होण्याची तारीख १ जुलै आहे. असे पत्र कोणी मिळवले असल्यास कळवावे. ‘तेव्हाच कॉमर्स का घेतले नाही’ हा प्रश्न घरात पुरेसा विचारून झाला आहे, त्यामुळे तो इथे नको.

– माजी कोषाध्यक्ष, विलेपार्ले

---

ताई, पत्राच्या मागे लागून दिवस घालवू नयेत. ए-१ ते सी-२ या पातळ्या युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या आहेत. आपली पदवी त्या मापाने मोजलेली नसते, तेव्हा प्राचार्यांनी उदार मनाने पत्र दिले तरी कंपनी ते मानेलच असे नाही. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवन या जर्मन भाषासंस्थेत तिथे वर्ग न केलेल्यांनाही परीक्षा देता येते. बी-२ मध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असून प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. तिने जूनमध्ये जे भाग देता येतील ते द्यावेत आणि उरलेल्यांसाठी कंपनीकडून लेखी मुदत घ्यावी.

शिक्षणविषयक प्रश्न आधी समितीच्या पत्त्यावर पाठवावेत, असे गणेशोत्सवाच्या बैठकीतच ठरले होते, याची नम्र आठवण करून देतो.

– शैक्षणिक समिती, श्टुटगार्ट

---

समितीचा मान राखून लिहितो की, चर्चा प्रमाणपत्रापाशीच अडली आहे. आमच्या जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत, पण बोलण्याची परीक्षा एकाही पातळीवर नाही. एन-२ उत्तीर्ण झालेली मुले बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत घामाघूम होतात ती त्यामुळेच. मी मूळचा स्थापत्याचा डिप्लोमावाला. जपानी नंतर शिकलो आणि बांधकामाच्या बैठकांत दुभाषी म्हणून टिकलो, कारण शटरिंग आणि क्युअरिंग मला आधीपासून कळत होते. समोरचा जपानी इंजिनिअर शांतपणे ‘केन्तो शिमास’, म्हणजे ‘विचार करतो’, असे म्हणाला की आपल्या कंत्राटदाराला मी हळूच सांगतो, ‘साहेब, हे बहुधा नाही आहे.’ निव्वळ भाषेच्या पदवीवर मुंबईत फार काळ भागत नाही. मुलीने बिले हाताळतानाच हिशेब शिकून घ्यावा.

– डोंबिवलीहून, जपानीवाले काका

---

काकांच्या पत्रातील एका वाक्यास माझी हरकत आहे. ‘विचार करतो’ याचे ‘नाही’ करण्याचा अधिकार दुभाष्याला कोणी दिला? परिषदेच्या काचेच्या कक्षात दोन दुभाषी साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने आळीपाळीने बोलतात, आणि तिथे वक्त्याच्या वाक्याच्या जागी स्वतःचा अंदाज सांगितला तर पुन्हा बोलावणे येत नाही. बांधकामावर चालत असेल, पण त्याला नियम म्हणू नये.

‘निव्वळ भाषेच्या पदवीवर भागत नाही’ हेही तितकेसे खरे नाही. गुणांसाठी का होईना, अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुले मुंबईत भरपूर आहेत आणि त्यांना शिकवणारे कोणीतरी लागतेच. मी २६ वर्षे त्यावरच घर चालवले. मात्र शाळेत कायम व्हायचे तर बी.एड. आणि महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए. करून नेट ही पात्रता परीक्षा, हे कोणी पहिल्या वर्षाला सांगत नाही. अनुवादाच्या आशेवर मात्र कोणी राहू नये. पूर्वी कोरा मजकूर यायचा, आता यंत्राने केलेला मसुदा तपासायला येतो, दर उतरलेला असतो आणि चुका शोधायला वेळ तेवढाच लागतो.

– दादर, फ्रेंच

---

मी ऐरोलीतच जर्मन ग्राहकांच्या अशाच कामावर दुपारच्या पाळीला असतो, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. प्रमाणपत्र लागणारच, कारण ग्राहक कंपनीच्या तपासणीत प्रत्येकाच्या फाइलमध्ये ते पाहिले जाते. परंतु पहिल्या महिन्यात नवी मुले अडतात ती फोनवरच्या आकड्यांवर. जर्मनमध्ये ४७ ला ‘झीबेन-उंड-फिर्त्सिश’ म्हणतात, म्हणजे सात आणि चाळीस. इंग्रजी माध्यमाची मुले सात ऐकताच सात लिहून मोकळी होतात आणि बिलाचा क्रमांक ७४ होतो. मी पहिल्याच आठवड्यात एका ग्राहकाला भलत्याच्याच बिलाची आठवण पाठवली होती. ज्यांच्या डोक्यात सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तर पक्के आहेत, त्यांना हे सोपे जाते, कारण आपणही एकक आधीच बोलतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आले, तेव्हा आपल्या या चर्चायादीवर किती रण माजले होते ते आठवत असेलच. मी त्या वेळी नव्या पद्धतीच्या बाजूने होतो, आता मत बदलले आहे.

आमच्या येथे संभाषण आणि श्रवण हे दोन भाग हाती असले तर उरलेल्यांसाठी तीन महिने थांबतात. तिच्या कंपनीतही विचारून पाहावे, तोंडी नको, ईमेलवर.

– ऐरोली, दुपारची पाळी

---

सर्वांचे आभार. ईमेल पाठवला आणि ‘दोन भाग जूनमध्ये, उरलेले सप्टेंबरअखेर’ असे लेखी उत्तर आज आले. पत्राचा नाद सोडला आहे. काल रात्री भाचीला सहज ‘एकोणसाठ’ विचारले, तर तिने बोटांवर हिशेब करून ‘सिक्स्टी-नाइन?’ असे उत्तर दिले, यावरून काय ते समजावे. फोनवर भराभर आकडे सांगणारे, शक्यतो बव्हेरियातले कोणी जून संपेपर्यंत रविवारी आपल्या दुपारी साडेचारला, म्हणजे तुमच्या जर्मनीतल्या एक वाजता, अर्धा तास देऊ शकेल काय? समितीच्या पत्त्यावरही हीच विनंती पाठवली आहे, म्हणजे पुन्हा आठवण करून द्यावी लागू नये.

– माजी कोषाध्यक्ष, विलेपार्ले