गिअरवर भरवसा नाही, तर ट्रॅड करता कशाला?

कातळभुंगा (धागाकर्ता)

परवा एका चांगल्या लीडरला (पुढे चढणाऱ्याला) बिले देत होतो, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळत होतो. पाय नेमके, हात सराईत, तो रूट म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. पण गडी दर दीड मीटरवर थांबायचा. नट बसवायचा, हिसका देऊन बघायचा, काढायचा, परत बसवायचा, मग त्याच्याच शेजारी एक फ्रेंड लावायचा. मधूनमधून खाली माझ्याकडे बघायचा. इतकं चाचपडल्यावर व्हायचं तेच झालं. एक नट निघाला आणि क्विकड्रॉसकट (दोर अडकवायच्या दुहेरी कडीसकट) दोरावरून घसरत थेट माझ्यापर्यंत आला. अर्ध्या वाटेत त्याचं सामान संपलं, हात भरून आले, आणि शेवटच्या आठ-दहा मीटरला, जिथे खरी गरज होती, तिथे लावायला दोन चिल्लर नट उरले. खाली आल्यावर म्हणाला, "माझा या लोखंडावर विश्वासच बसत नाही."

ट्रॅड ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: हा कातळ चढण्याचा एक प्रकार, यात कातळात आधीपासून बोल्ट मारलेले नसतात. लीडर चढता चढता भेगांमध्ये नट, हेक्स (धातूच्या पाचरी), फ्रेंड (उघडमिट होणाऱ्या पाकळ्यांचं उपकरण) अडकवतो, त्यांत दोर घालतो, आणि मागून येणारा ते सगळं काढत येतो.

आता या 'लोखंडा'ची ताकद बघा. कॅरॅबिनर (उघडमिट होणारी कडी) लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, शिवलेली स्लिंग (कापडी पट्ट्याचा फास) २२, हार्नेस (कमरेचा पट्टा) १५. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार. सिंगल रोपची चाचणी ८० किलोचं वजन १.७७ फॉल फॅक्टरने (पडण्याचं अंतर भागिले सुटलेला दोर) टाकून करतात. पहिल्या फॉलला झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहायला हवा आणि दोराने असे किमान ५ फॉल झेलायला हवेत. आपला नेहमीचा फॉल कसा असतो? १० मीटर दोर सुटलाय, शेवटचा गिअर २ मीटर खाली आहे, म्हणजे पडणार ४ मीटर. फॅक्टर ०.४. एवढ्यासाठी जीव मुठीत धरायचा?

माझं मत: अविश्वास ही सावधगिरी नाही, ती भीती आहे, आणि ती सामानही खाते, हातही खाते. ज्याला गिअरवर पडायची हिंमत नाही त्याने बोल्टवाल्या रूटवर चढावं. त्यात कमीपणा काही नाही.

जुना_पेग

लोखंड नव्हे हो, बहुतेक सगळं ॲल्युमिनियम. असो.

नटवर जो आकडा कोरलेला असतो, तो नटचा की भेगेचा? प्रयोगशाळेत तो पोलादी जबड्यात धरून ओढतात. आपल्या कातळाने ते प्रमाणपत्र वाचलेलं नसतं. शिवाय तुम्ही सोयीचे आकडे दिलेत. नटला युरोपीय मानकात किमान अट २ किलोन्यूटनची आहे, फ्रेंडला ५ ची. तुमच्या त्या 'दोन चिल्लर नटां'वर काय कोरलं होतं ते बघा एकदा.

'लीडरने पडायचं नाही' हा नियम भित्र्यांनी केलेला नाही. १८६५ साली मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना दोर तुटला आणि सातांपैकी चौघे गेले. तो तुटका दोर झरमॅटच्या संग्रहालयात आजही बघायला मिळतो. वाखाचा दोर थेट कमरेला बांधून चढणाऱ्या पिढ्यांना सामानाची लायकी नीट माहीत होती. वेल्समधले लोक तर रेल्वेच्या रुळांशेजारी पडलेले नट उचलायचे, आतले आटे घासून काढायचे आणि दोरीत ओवून भेगेत अडकवायचे. 'नट' हे नाव तिथूनच आलं. त्यांनी त्या नटांवर भरवसा ठेवला नाही, पायांवर ठेवला. मीही तेच करतो. पन्नाशी उलटली, अजून चढतोय.

कातळभुंगा

पेगकाका, साप साप म्हणून भुई धोपटण्याला अनुभव म्हणत नाहीत. :)

इतिहासच काढायचा तर पुढचाही काढा. अमेरिकेतला गिअर बनवणारा इव्हॉन शुइनार, त्याचा मुख्य धंदा पिटॉनचा (भेगेत ठोकायच्या खिळ्यांचा). त्यानेच १९७२ च्या कॅटलॉगमध्ये सांगितलं की हातोडी घरी ठेवा, ठोकून ठोकून भेगा फुटताहेत, नट वापरा. पुढच्याच वर्षी हेनेक, रॉबिन्सन आणि रॉवेल या तिघांनी योसेमिटीतल्या हाफ डोमचा वायव्य कडा हातोडीशिवाय चढून दाखवला. 'ठोकलेलंच खरं' असं त्यांनीही धरलं असतं तर?

हवेत_पाय

धागाकर्त्याशी सहमत, पण आकड्यांमुळे नाही. जर्मनीत एल्बेच्या काठी सॅक्सनीचे वाळूखडकाचे सुळके आहेत. खडक मऊ, म्हणून धातूचे नट-फ्रेंड लावायला बंदी. मोजक्या लोखंडी कड्या असतात, त्या एकमेकींपासून चांगल्या लांब. मधल्या भागात दोरीच्या गाठी भेगेत चेपायच्या आणि पुढे जायचं. गाठीवर कुठे किलोन्यूटन कोरलेत? तरी तिथे पिढ्यान्पिढ्या कठीण रूट होताहेत.

मी स्वतः वर्षभर ट्रॅड केलं ते कधीच न पडता, आणि ते वर्ष सगळ्यात वाईट गेलं. दर हालचालीला वाटायचं की हे सुटणार. मग एका मैत्रिणीने वर टॉप रोपची (वरून सोडलेल्या दुसऱ्या दोराची) राखण ठेवून मला माझ्याच नटांवर मुद्दाम पाडलं. सात वेळा. एकही हलला नाही. त्यानंतर मी गिअर कमी लावते आणि नीट लावते.

जुना_पेग

सॅक्सनीतली ती गाठ कुठली, किती जाडीच्या दोरीची, भेगेच्या कोणत्या अरुंदीत बसवायची, हे तिथे जाणत्यांच्या मागे चढून चढून शिकतात. पहिली अनेक वर्षं त्यांचा गाठीवर विश्वास नसतोच. माझ्याच मुद्द्याला पुष्टी दिलीत, आभारी आहे.

टॉप रोप ठेवून पाडून घेणं मात्र चांगलं. आमच्या वेळी सुचलं नाही.

पाचर

दोन्ही बाजू 'गिअर' नावाची एकच वस्तू धरून भांडताहेत. नट आणि फ्रेंड यांचा स्वभावच वेगळा आहे.

नट ही पाचर. खाली निमुळत्या होणाऱ्या भेगेत बसते, खाली ओढाल तेवढी घट्ट होते, आणि वर किंवा बाहेर ओढली की लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. फ्रेंडचं तसं नाही. रे जार्डीनने बनवलेला आणि १९७८ साली बाजारात आलेला हा प्रकार समांतर कडांच्या भेगेतही धरतो, कारण त्याच्या पाकळ्यांचा वाक असा की उघडझाप कितीही असली तरी कातळाशी होणारा कोन तोच राहतो. पहिल्या फ्रेंडमध्ये हा कोन १३.७५ अंश. गणित केलंत तर खाली जेवढी ओढ, त्याच्या साधारण दुप्पट जोर प्रत्येक बाजूच्या कातळावर पडतो. आणि फ्रेंड न घसरण्यासाठी घर्षणांक पाव तरी लागतो.

आता यावरून काय निघतं ते बघा. भेगेत ओली माती, शेवाळ, भुसभुशीत थर असेल, तर फ्रेंडवर कोरलेला आकडा १२ असो की १४, तो घसरणार. भेगेची एक बाजू सुटी पापुद्र्यासारखी शिळा असेल, तर तो दुप्पट जोर ती शिळाच उचकटणार. तिथे नट बरा. म्हणून तळहाताने थापटून ऐकायचं. पोकळ आवाज आला तर फ्रेंड खिशात.

माझा एक फ्रेंड एकदा फॉलमध्ये निघाला. तीन आठवडे घोटा सुजला होता. फ्रेंड नवा, कातळ कोरडा. पण भेग त्याच्या मानाने मोठी होती, पाकळ्या जवळजवळ पूर्ण उघडून टोकावर टेकल्या होत्या. मोठा आकार हार्नेसच्या मागच्या लूपला लटकत होता, काढायचा कंटाळा केला. यात मी गिअरवर विश्वास ठेवला की अविश्वास दाखवला, ते तुम्हीच ठरवा.

आणि कातळभुंगा, एक प्रश्न. नट दोरावरून घसरत तुमच्यापर्यंत आला म्हणता. तुम्ही उभे कुठे होतात?

नवशिकी

प्रश्न बावळट वाटेल. मी आतापर्यंत फक्त सेकंड (लीडरच्या मागून येणारी) म्हणून चढलेय. लीडरने लावलेलं काढताना कधी पाच मिनिटं झगडावं लागतं, कधी बोट लावलं की हातात येतं. मग 'चांगलं बसलंय' हे लीडरला लावताना कसं कळतं? हिसका देऊन?

पाचर

बावळट अजिबात नाही. काढता काढताच शिकायचं असतं. जे हातात आलं ते का आलं, हे तिथेच थांबून लीडरला विचारा.

हिसक्याने नट जागेवर बसतो. हातभर हिसका आणि फॉलचा झटका यांची तुलनाच नाही. सगळ्यात वरच्या गिअरवर पडणाऱ्याची ओढ येते आणि बिलेअरच्या बाजूच्या दोराची ओढही येते. कॅरॅबिनरमधलं घर्षण धरून बेरीज पडणाऱ्या बाजूच्या सव्वापट-दीडपट नव्हे, १.६ पटीच्या आसपास जाते. त्यामुळे डोळ्यांनी बघा. नटचे दोन्ही गाल कातळाला किती टेकलेत? खाली भेग खरंच अरुंद होते का? ओढ पडेल त्या दिशेला तार आहे का? आणि नटला पुरेशी लांब स्लिंग लावा, नाहीतर दोराच्या हालचालीने चांगला बसलेलाही सैल होतो.

रज्जुसर्प

सगळे धातूबद्दल बोलताहात. धातूला मुदत नसते, कापडाला असते. बहुतेक उत्पादक न वापरलेल्या स्लिंगलाही १० वर्षांच्या वर ठेवू नका म्हणतात.

टॉड स्किनर हे नाव बहुतेकांना माहीत असेल. १९८८ साली पॉल पियानाबरोबर योसेमिटीतली सलाथे वॉल फ्री (गिअरला न धरता, हातापायांवर) चढणारा माणूस. ऑक्टोबर २००६ मध्ये योसेमिटीच्या लीनिंग टॉवरवर दोरावरून उतरताना त्याच्या हार्नेसचा बिले लूप (पुढचा कापडी फास) तुटला आणि तो गेला. लूप झिजलेला होता. नवा असता तर त्याच लूपला माणसाच्या वजनाचं ओझं जाणवलंही नसतं. तो काही गिअरवर अविश्वास दाखवणारा नवखा नव्हता. उलट रोज साथ देणाऱ्या वस्तूकडे आपलं लक्षच जात नाही. धागाकर्ते, तुमच्या १५ किलोन्यूटनच्या हार्नेसचं वय काय?

डायनीमाचंही (स्लिंगच्या एका कृत्रिम धाग्याचं) सांगतो. नायलॉनपेक्षा बारीक, हलकं, म्हणून सगळे तेच घेतात. पण ते जवळजवळ ताणलंच जात नाही, गाठ मारली की ताकद साधारण निम्मी होते, आणि १४५ अंशांच्या आसपास वितळतं. अँकरला (थांबल्यावर स्वतःला बांधून घ्यायच्या पक्क्या आधाराला) डायनीमाच्या स्लिंगने बांधून घेऊन कुणी अँकरच्या वर चढून बसला आणि तिथून घसरला, तर मीटरभराचा फॉलही भयानक. मधे ताण खाणारा दोरच नाही. आणि बॅटरीतलं आम्ल दोराला लागलं तर बाहेरून काही दिसत नाही. डिकीत बॅटरीशेजारी दोर टाकणाऱ्यांनी पुढच्या वेळी मला बोलावू नये.

कातळभुंगा

रज्जुसर्प, हार्नेस सात वर्षांचा आहे. काल रात्री काढून बघितला. लूपच्या कडेला थोडी लव निघालीये. नवा मागवतो. हा मुद्दा दिला.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. हे सगळं घरी तपासायचं. कातळावर एकदा लावला की लावला. दर दीड मीटरवर संसार मांडायचा नाही.

पाचर

माझा प्रश्न राहिला. बिले देताना उभे कुठे होतात?

दीड_मीटर

तो लीडर मी. नाव आजच घेतलंय, कारण समजेलच.

पाचर यांना अंदाज आलेला दिसतोय. आमचे धागाकर्ते भिंतीपासून चांगले पाच-सहा मीटर लांब होते. त्यामुळे दोर पायथ्याशी सरळ वर न येता तिरका बाहेर जात होता. मी दोर ओढला किंवा यांनी आवळला की माझा पहिला नट बाहेर आणि वर ओढला जायचा. तो मला वरून हलताना दिसत होता. मग तो निघाला आणि यांच्यापर्यंत घसरत गेला. यांना वाटलं, माझ्या चाचपडण्याने निघाला. पहिला गेला की ओढ दुसऱ्यावर, दुसरा गेला की तिसऱ्यावर, चेन उघडत जावी तशी. म्हणून प्रत्येक नटशेजारी फ्रेंड लावत होतो. फ्रेंड बाहेरच्या ओढीलाही वळून धरतो, नट धरत नाही. सामान तिथे संपलं.

दोनदा ओरडलो, "पुढे ये!" वारा होता. खाली आल्यावर तोंडावर काय बोलणार, गेली चार वर्षं आपण एकत्र चढतोय. म्हणून लोखंडाचं नाव पुढे केलं.

फॅक्टर ०.४ चं गणित मात्र बरोबर आहे. फक्त त्यात ते २ मीटर खालचं गिअर जागेवर आहे असं धरलंय.

जुना_पेग

बाब्बो.

नवशिकी

म्हणजे सेकंडनेही कुठे उभं राहायचं ते शिकायला हवं! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाचर

पहिल्या गिअरच्या शक्य तितकं खाली, भिंतीजवळ. आणि लीडरने पहिला गिअर असा लावायचा की वरच्या ओढीलाही टिकेल: एक तर फ्रेंड, नाहीतर दोन नट एकमेकांविरुद्ध स्लिंगने आवळून.

कातळभुंगा

फोन करतोय, उचल.

आणि उभा नव्हतो. त्या सपाट दगडावर बसलो होतो.

जुना_पेग

बसून बिले??