नाशिकहून दीड-दोन तासांवर तंबू लावायला साधी, शांत जागा सुचवा

ओटा_अंगण :
नमस्कार मंडळी. चार माणसांचा तंबू घेऊन सहा महिने झाले, माळ्यावरच पडून आहे. मुलं (६ आणि १० वर्षं) रोज विचारतात, कधी जायचं? गेल्या वर्षी एका तळ्याकाठच्या तयार कॅम्पवर गेलो होतो. रात्री एक वाजेपर्यंत डीजे सुरू होता. धाकटी कानावर हात ठेवून झोपली. तसलं पुन्हा नको. वीज नसली तरी चालेल, जेवण साधं चालेल, पण अंधार आणि शांतता हवी. सासूबाईही येणार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. डिसेंबरात जायचा विचार आहे.

घाटवाट :
डोळे मिटून भंडारदरा. पण शेंडी गावात किंवा धरणाच्या भिंतीजवळ थांबू नका, शनिवार-रविवारी तिथे गर्दी असते. घोटीहून डावीकडे वळून बारीमार्गे शेंडी, तिथून पुढे मुरशेत-पांजरेच्या बाजूला जा. नाशिकपासून शेंडी साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पेट्रोल घोटीलाच भरून घ्या. वाटेत वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश फी लागते. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे लाकूड तोडायचं नाही. शेकोटी हवी असेल तर ज्यांच्या जागेत उतराल त्यांनाच सांगा.

गावात बरीच घरं आपल्या शेतात तंबू लावू देतात आणि जेवणही करून देतात. आदल्या दिवशी फोन करून दोनच प्रश्न विचारा : त्या रात्री आणखी किती लोक आहेत, आणि स्पीकर लावू देता का? दुसऱ्याचं उत्तर ‘तुम्हाला हवा तर लावू’ असं आलं, तर दुसरं घर बघा.

आता मुलं बरोबर आहेत म्हणून कळकळीनं सांगतो. तंबू पाण्याला अगदी चिकटून लावू नका. धरणातून प्रवरा नदीत शेतीसाठी पाणी (आवर्तन) सोडलं की जलाशयाचं पाणी मागे हटतं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण पाऊल ठेवलं की पाय पोटरीपर्यंत आत जातो. माझ्या पुतण्याला आम्ही दोघांनी ओढून काढलं, त्याची चप्पल आतच राहिली. शेतातल्या जुन्या बांधाच्या वर राहा.

मोखाड्याची_वाट :
मी वैतरणा सुचवेन. त्र्यंबकेश्वरच्या पुढे, अप्पर वैतरणाच्या बाजूला. भंडारदऱ्याइतकं नाव नाही, म्हणूनच शांत. मात्र तिथे सोयी कमी, जमीनमालकाला विचारल्याशिवाय उतरू नये. सासूबाई असतील तर पहिल्या खेपेला घाटवाट म्हणतात तेच बरं.

ओटा_अंगण :
दोघांचे आभार. शौचालयाचं काय? आणि थंडी कितपत असते?

नाचणीची_भाकर :
ताई, माझी आईही गुडघ्यांची. आम्ही घडीची कमोड खुर्ची गाडीत टाकून नेतो, औषधांच्या दुकानात मिळते. गावातल्या घरांकडे संडास असतो, पण बहुतेक भारतीय पद्धतीचा. त्यावर ही खुर्ची ठेवली की काम होतं. आईला तंबूत न झोपवता त्याच घराच्या पडवीत खाट टाकून घेतो. तिला रात्री उठावं लागतं, तंबूच्या चेनशी झटापट कशाला? शिवाय घरच्या मावशींशी तिच्या इतक्या गप्पा रंगतात की सकाळी निघायला तयार नसते. नाचणीची भाकरी, पिठलं आणि खलबत्त्यातला ठेचा तिथेच मागा. आपला गॅस फक्त चहापुरता.

थंडीचं म्हणाल तर ती खालून येते. लोक वर तीन गोधड्या घेतात आणि खाली नुसती चटई. उलट करा. खाली ताडपत्री, तिच्यावर जाड सतरंजी नाहीतर फोमची गादी, मग पांघरूण. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला थेंब दिसतील. ते गळणं नाही, आपल्याच श्वासाची वाफ. वरच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या की कमी होतं. ऊब हवी म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत मात्र कधीही नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, पण तो जीव घेतो.

घाटवाट :
शेगडीबद्दल शंभर टक्के सहमत. आणखी एक, जायच्या आधी गच्चीवर एक रात्र तंबू लावून झोपा. खुंट्या कमी आहेत का, धाकटी अंधारात घाबरते का, सगळं घरीच कळेल. आणि जमलं तर १३ किंवा १४ डिसेंबरची रात्र धरा. मिथुन राशीतल्या उल्का तेव्हा भरात असतात. दहाच्या सुमारास पूर्वेकडे पाय करून सतरंजीवर आडवं व्हायचं, मोबाईल बंद. डोळे सरावायला वीस मिनिटं द्या.

ओटा_अंगण :
जाऊन आलो! मुरशेतच्या बाजूला एका शेतात उतरलो. आमच्याखेरीज एकच कुटुंब होतं. सासूबाई पडवीत झोपल्या आणि मावशींकडून पापडाला वरईचं पीठ घेऊन आल्या. मुलांनी सतरा उल्का मोजल्या. थोरला म्हणतो अठरा, धाकटीला ती एक मान्य नाही. गाळापासून लांब राहिलो, घाटवाट, तुमच्या पुतण्याची चप्पल आठवत होती. आता मार्चआधी वैतरणा करायचंय. मोखाड्याची_वाट, तिथल्या एखाद्या जमीनमालकांना विचारून ठेवाल का?