मदत हवी आहे: १९६६ची मस्टँग, मूळ एसी दुरुस्त करावा की नवीन किट बसवावे?

नमस्कार,

ॲरिझोनातील फिनिक्स येथे माझ्याकडे १९६६ची फोर्ड मस्टँग कूपे आहे. २८९ घन इंचांचे व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर आणि डॅशबोर्डखाली टांगलेला एसी, अशी ही गाडी. पत्र्याचे व रंगाचे काम उरकले आहे आणि इंजिन आणि डॅशबोर्ड परत बसवण्याआधी एसीचा निर्णय घेणे भाग आहे, कारण डॅशबोर्ड एकदा जागेवर गेला की त्याच्या मागे हात घालणे जिकिरीचे होते. येथे जुलैत पारा ४३ अंशांच्या वर सहज जातो, त्यामुळे ‘एसी काढूनच टाका’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो मला इतरत्र भरपूर मिळाला आहे.

या गाड्यांशी परिचय नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. १९६५ आणि १९६६च्या मस्टँगमध्ये कंपनीचा एसीसुद्धा डॅशबोर्डच्या आत नसे. तो वेगळ्या पेटीच्या रूपात खाली टांगलेला असे. डॅशबोर्डच्या आत बसणारा एसी १९६७च्या मॉडेलपासून आला. ही पेटी गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते, बाहेरची हवा घेत नाही, आणि हीटरशी तिचा काही संबंध नसतो. पुढच्या सीटवरच्या उंच माणसाचे गुडघे तिला हमखास लागतात. तरीही मला ती आवडते, हे आधीच कबूल करतो.

माझ्या गाडीतला एसी कारखान्यात बसवला की डीलरने, हे कागदावर सिद्ध करता येत नाही. फोर्डच्या उत्पादन-नोंदींवरून गाडीचा तपशील देणारा मार्टी रिपोर्ट १९६७ आणि त्यानंतरच्या गाड्यांनाच मिळतो. माझी गाडी एका वर्षाने हुकली. त्यामुळे जे भाग गाडीवर आहेत तेच काय ते पुरावे, आणि म्हणूनच ते काढून टाकायला हात धजत नाही.

सध्याची अवस्था अशी आहे. यॉर्क कंपनीचा दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) हाताने मोकळा फिरतो आणि बॅटरी जोडल्यावर क्लच खटकन ओढला जातो. मात्र पुलीच्या रेषेत, बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाची बारीक आडवी रेघ उमटलेली दिसते; म्हणजे शाफ्टचे सील गळत असणार. कंडेन्सर (रेडिएटरसमोरची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) जुन्या पद्धतीचा, नळी आणि पत्र्याच्या पट्ट्यांचा आहे. रबरी नळ्या इतक्या कडक झाल्या आहेत की वाकवल्या तर तडकतील.

माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला, सगळे मूळ ठेवून आर-१२ हा त्या काळचा मूळ गॅसच भरायचा. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९९५च्या अखेरीस थांबले असले, तरी जुना किंवा शुद्ध करून घेतलेला गॅस वापरण्यास मनाई नाही. विकत घेण्यासाठी अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातील ‘कलम ६०९’चे प्रमाणपत्र लागते आणि ते ऑनलाइन परीक्षा देऊन मिळवता येते. अडचण एवढीच की साठा आटत चालला आहे आणि एखादी गळती राहिली तर महागाचा गॅस हवेत जाणार. दुसरा मार्ग, पेटी आणि कॉम्प्रेसर मूळचेच ठेवून आर-१३४ए या आर-१२नंतर आलेल्या गॅसवर जायचे. तिसरा मार्ग व्हिंटेज एअरसारख्या कंपनीचे पूर्ण किट घेण्याचा: सॅन्डेन कंपनीचा कॉम्प्रेसर, डॅशबोर्डच्या आत इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारी जाळी) आणि त्यातच हीटर. थंडावा उत्तम मिळतो आणि गुडघेही सुटतात. पण मूळ हीटर निघतो, ग्लोव्ह बॉक्स लहान होतो आणि आतली रचना बदलते.

माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. प्रश्न असा, की फिनिक्सच्या दुपारी, सिग्नलवर उभे असताना, यॉर्क आणि आर-१३४ए ही जोडी खरोखर निभावून नेते का? की ही निव्वळ माझी हौस आहे?

प्रतिसाद: गॅरेजवाला_ह्यूस्टन

दोष यॉर्कला देऊ नका. यॉर्क २१० हा मोठा नमुना एका फेरीत दहा घन इंचांहून थोडा अधिक गॅस ओढतो, तर नेहमीचा सॅन्डेन ५०८ सुमारे साडेआठ. ओढण्यात तो कमी नाही; तो थरथरतो आणि आवाज करतो, एवढेच. आर-१३४ए वर नेलेल्या जुन्या गाड्या सिग्नलवर गरम हवा फेकू लागतात त्याचे कारण बहुतेक वेळा पुढे, रेडिएटरसमोर असते. आर-१२साठी बनवलेला जुना कंडेन्सर या गॅसची उष्णता पुरेशी बाहेर टाकू शकत नाही, गाडी उभी असताना हवाही कमी मिळते आणि दाब चढत जातो. म्हणून पॅरलल-फ्लो (अनेक समांतर बारीक नळ्यांचा) कंडेन्सर घ्या, मापात बसेल तेवढा मोठा. पंख्याभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावलेले आवरण) नसेल तर तो आधी बसवा. अनेकजण हजारो डॉलर एसीवर खर्च करतात आणि पंखा मात्र उघडा ठेवतात.

नळ्या बॅरिअर प्रकारच्याच (आतून गॅस अडवणारा थर असलेल्या) हव्यात, कारण आर-१३४ए साध्या रबरातून झिरपतो. जुने मिनरल तेल पूर्ण काढून एस्टर तेल घाला, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवा लावा. गॅस आर-१२च्या मूळ वजनाच्या साधारण ८० टक्क्यांपासून सुरू करून दाबाचे गेज पाहत थोडा थोडा वाढवा. ‘अजून थोडा भरला तर अजून गार होईल’ हा हिशेब येथे उलटा पडतो.

यॉर्कचा कंटाळा आलाच, तर त्याच्याच ब्रॅकेटवर सॅन्डेन बसवण्याची प्लेट मिळते. एकही भोक न पाडता बदल होतो आणि यॉर्क फडताळात राहतो.

प्रतिसाद: जुनीगाडी

वरील मताशी सहमत. माझा निकष साधा आहे: जे उद्या पूर्ववत करता येईल ते खुशाल बदलावे, पण जिथे पत्रा कापावा लागतो तिथे थांबावे. कंडेन्सर आणि नळ्या बदलल्याने तुमचे काही जात नाही. गाडी मस्टँग क्लबच्या परीक्षणाला न्यायची असेल तर गुण कमी होतील, पण तुम्ही ती दुपारी चालवण्याविषयी बोलत आहात.

एक इशारा. ‘आर-१२ला थेट पर्याय’ म्हणून काही डबे विकले जातात, त्यांत प्रोपेनसारखे ज्वलनशील वायू असतात. आर-१२च्या जागी ते गाडीत भरणे अमेरिकेत बेकायदा आहे. शिवाय तुमची पेटी थेट तुमच्या गुडघ्यांसमोर आहे, हे विसरू नका. आर-१३४ए वर गेल्यावर त्याची वेगळी फिटिंग आणि बॉनेटखाली माहितीचे लेबल लावणेही बंधनकारक आहे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पेटी व यॉर्क ठेवून कंडेन्सर, नळ्या, ड्रायर नवे घेतो. श्राउड गाडीवर आहे, हे आत्ताच पाहून आलो. शाफ्टचे सील घरी बदलता येईल का?

प्रतिसाद: गॅरेजवाला_ह्यूस्टन

येईल. क्लच काढण्याचा पुलर लागेल. सीलच्या घासणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागाला बोट लावू नका आणि बसवण्यापूर्वी त्यावर स्वच्छ तेल सोडा. बारीक ओरखडा किंवा कचरा राहिला तरी ते पुन्हा गळते. नंतर व्हॅक्यूम ओढून पंप बंद करा आणि गेजचा काटा तासभर हलत नाही ना ते पाहा. हलला तर गॅस भरू नका, आधी गळती शोधा. आणि हिवाळ्यातही दर पंधरवड्याला एसी दहा मिनिटे चालवत जा, कारण गाडी नुसती उभी राहिली की सील कोरडे पडते.