शाळेतल्या मैत्रिणीशी पुन्हा बोलणं कसं सुरू करू?

साठी उलटल्यावर आमचा दहावीचा वर्ग व्हॉट्सॲपवर जमला. सुरुवातीला नुसता कल्ला! आता सकाळी फुलांचे फोटो, दुपारी फॉरवर्ड. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण यजमान गेल्यापासून एक अक्षर लिहीत नाही. ग्रुप बंद पडला तरी चालेल, पण तिला गमवायचं नाही. काय करू?

प्रतिसाद १
ताई, ग्रुपवर नको, सरळ फोन लावा. ‘कशी आहेस’ विचारलं की माणूस ‘बरी आहे’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी बाकावरची एखादी आठवण काढा. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त आठवतात, हे संशोधनात वारंवार दिसलंय. आणि यजमानांचा विषय टाळू नका. त्यांचं नाव घ्या. माझी बायको गेली तेव्हा सगळे तिचं नाव गाळून बोलायचे, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

प्रतिसाद २
हार्वर्डचा १९३८ पासून चालू असलेला अभ्यास हेच सांगतो: जवळची नाती असलेली माणसं म्हातारपणी जास्त निरोगी आणि समाधानी असतात. मित्र किती, यापेक्षा जवळीक किती, हे महत्त्वाचं. तुमचं अगदी बरोबर चाललंय.

प्रतिसाद ३
तिला ऐकू कमी येत नाही ना, तेही बघा. आमच्यातला एकजण त्यामुळेच फोन टाळायचा. व्हिडिओ कॉलवर ओठ दिसतात, तेव्हा तो छान बोलतो. वार आणि वेळ ठरवून टाका, म्हणजे ‘नंतर करू’ होत नाही.