क्लॅव्हिकल आणि आपली चावी – नातं आहे का?

मोरपंखी:
मुलगा कबड्डी खेळताना पडला, कॉलरबोन मोडलं. रिपोर्टवर ‘क्लॅव्हिकल’. कोशात पाहिलं तर मूळ लॅटिन, अर्थ ‘छोटी किल्ली’! मूळ शब्द ‘क्लाविस’ म्हणे. चावी त्यातलीच, की ओढूनताणून जुळतंय?

वसईचा_म्हातारा:
ताई, त्यातलीच. आधी पोराला जपा, पट्टा लवकर सोडू देऊ नका.

मी सेमिनरीत दोन वर्षं काढली. फादर काही झालो नाही, विभक्त्या तेवढ्या डोक्यात राहिल्या. क्लाविस स्त्रीलिंगी, आपल्या संस्कृत ‘मति’सारखा इकारान्त. षष्ठीतही क्लाविसच, द्वितीयेला क्लावेम. षष्ठीचं अनेकवचन मात्र क्लावियुम. मी दर वेळी ‘क्लावुम’ म्हणायचो आणि ओरडा खायचो. क्लावुम म्हणजे खिळा, ‘क्लावुस’ची द्वितीया!

रोमची सत्ता गेली, पण शब्द बोलण्यात राहिला. इटलीत कियावे, स्पेनमध्ये यावे, फ्रान्समध्ये क्ले, पोर्तुगालात शावे. पोर्तुगीजांनी सुरुवातीच्या ‘क्ल’चा ‘च’ केला: क्लामारे (हाक मारणे) त्यांच्याकडे शामार झालं, तेही असंच. आज लिस्बनला ‘श’ ऐकू येतो, पण पूर्वी तिथे ‘च’च होता. वसई त्यांच्याकडे १५३४ ते १७३९, गोवा तर १९६१ पर्यंत. त्यांचा तो जुना ‘च’ आपल्या चावीत अजून शाबूत आहे.

‘क्लाविकुला’ म्हणजे क्लाविसचं लाडकं रूप. द्राक्षवेलीच्या तणाव्यालाही रोमन लोक क्लाविकुला म्हणत. हात वर उचलला की ते हाड स्वतःभोवती जरासं फिरतं, किल्लीसारखं. पोर बरं झालं की बघा.

टिळकरोड:
मग किल्ली? तीही लॅटिन?

वसईचा_म्हातारा:
नाही हो. ती संस्कृत ‘कील’ची, म्हणजे खुंटी, खीळही तिच्याच घरातली. आणि कुलूप अरबी ‘कुफ्ल’चं, अक्षरं उलटीपालटी होऊन. म्हणजे अरबी कुलपाला पोर्तुगीज चावी, आणि दार आपलं.

नवा पोप निवडताना कार्डिनल ज्यात कोंडून घेतात ते ‘कॉन्क्लेव्ह’ही याच किल्लीचं: कुम क्लावे, किल्लीसकट. १२६८ साली वितेर्बोला निवड जवळजवळ तीन वर्षं रखडली, म्हणून पुढे १२७४ मध्ये कोंडण्याचा नियमच झाला.

मोरपंखी:
आभार काका! डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. पोरगा विचारतोय, घड्याळाला देतात ती चावीही हीच का?

वसईचा_म्हातारा:
हीच. आणि दुसऱ्याला चिथवायला मारतात तीही.